मित्राने कुलपात ठेवलेलं संगीत

यूट्यूबवर चार मिनिटांच्या आतली एक क्लिप आहे. १९०३ साली बर्लिनमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण. आधी नुसती खरखर ऐकू येते, कढईत काहीतरी परततंय अशी. मग त्या खरखरीच्या मागून एक व्हायोलिन पुढे येतं. बाखच्या जी मायनर सोनाटामधलं अदाजिओ. वाजवणारा माणूस ७२ वर्षांचा आहे. बोटं ताठरलेली जाणवतात, एखादा सूर जागेवरून थोडा हलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दीड मिनिटात बंद केलं होतं.

नंतर कळलं की हा माणूस बारा वर्षांचा असताना मेंडेलसोनच्या हाताखाली वाजवायला उभा राहिला होता, आणि त्याच्या गुरूंनी खुद्द बीथोव्हेनच्या देखरेखीखाली त्याच्या क्वार्टेटची तालीम केली होती. योसेफ योआखिम त्याचं नाव. त्याची ध्वनिमुद्रणं जगात फक्त पाच आहेत. ज्या ग्रामोफोन कंपनीनं नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं, तिनंच वर्षभराच्या आत बर्लिनमध्ये या म्हाताऱ्याला भोंग्यासमोर उभं केलं. अल्लादिया खाँचा आवाज आपल्याकडे उरला नाही, ही हळहळ ज्याला ठाऊक आहे त्याला त्या पाच तबकड्यांची किंमत सांगायला नको.

पण योआखिमपर्यंत मी या क्लिपमुळे पोहोचलो नव्हतो. पोहोचलो ते एका विचित्र तारखेमुळे. ऑफिसच्या बसमध्ये रॉबर्ट शुमानचा व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकत होतो. सहज माहिती उघडली. रचना १८५३, पहिलं जाहीर वादन १९३७. मला वाटलं, डेटा एंट्रीची चूक असणार. दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. सगळीकडे तेच. शुमानसारख्या संगीतकाराची अख्खी रचना ८४ वर्षं कुणी ऐकलीच नव्हती. आणि ती अडवून धरणारा माणूस शुमानचा शत्रू नव्हता, टीकाकार नव्हता. ज्याच्यासाठी त्यानं ती लिहिली, तो लाडका मित्रच होता.

कुठला म्हणायचा हा?

योआखिमचा जन्म २८ जून १८३१ चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या कॉप्चेन गावचा. आज हे गाव ऑस्ट्रियात आहे आणि त्याला किट्झे म्हणतात. वडील लोकरीचे व्यापारी, कुटुंब ज्यू, घरात बोलायची भाषा जर्मन. तो दोन वर्षांचा असताना कुटुंब पेश्टला आलं आणि सातव्या वर्षी, १८३९ मध्ये, त्यानं तिथे पहिला जाहीर कार्यक्रम केला.

पुढच्या शिक्षणासाठी त्याला व्हिएन्नाला नेलं, तर तिथले मोठे शिक्षक हेल्मेसबर्गर यांनी निदान केलं की मुलाचा उजवा हात ताठ आहे, गज नीट चालणार नाही, यातून काही व्हायचं नाही. आईवडील परत न्यायच्याच विचारात होते. तेवढ्यात त्या काळचा नामांकित वादक एर्न्स्ट यानं त्यांना योसेफ ब्योमकडे जायला सांगितलं. ब्योम स्वतः पेश्टचे आणि तेही ज्यू. बीथोव्हेनच्या उत्तरायुष्यातलं क्वार्टेट त्याच्यासमोर बसवणारे ते हेच. ताठ ठरवलेला तो उजवा हात पुढे युरोपभर गजाच्या कामाचा आदर्श मानला गेला.

१८४३ मध्ये त्याची चुलत बहीण फॅनी विटगेनस्टाइन हिच्या मदतीनं तो लाइपझिगला मेंडेलसोनकडे पोहोचला. (तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइनची ही आजी.) मेंडेलसोननं मुलाला पारखलं आणि सांगितलं, याला व्हायोलिनच्या शाळेची गरज नाही, याला बाकीचं शिक्षण द्या. पुढच्याच वर्षी तो त्याला लंडनला घेऊन गेला. तिथल्या फिलहार्मोनिक सोसायटीत बालकलाकारांना मज्जाव होता. योआखिमसाठी नियम बाजूला ठेवला गेला. २७ मे १८४४ ला, तेरावं पूर्ण व्हायला महिना बाकी असलेल्या या मुलानं मेंडेलसोनच्या संचालनाखाली बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवला.

आज हा कॉन्चेर्टो व्हायोलिनवादनाचं शिखर समजला जातो. पण १८०६ मध्ये पहिल्यांदा वाजल्यानंतर जवळजवळ चार दशकं तो बाजूला पडून होता. लांबलचक आहे, वादकाला चमकायला वाव नाही, असं म्हणून कुणी फारसं हात लावत नसे. त्याला पुन्हा मैफिलीत आणून बसवलं ते मुख्यतः योआखिमनं. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण विस्मरणात गेलेली रचना बाहेर काढण्याची ताकद काय असते हे या माणसाला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं.

हंगेरियन म्हणून त्याची ओळख कायम राहिली. हंगेरियन ढंगाचा मोठा कॉन्चेर्टो त्यानं लिहिला, ब्राम्सच्या हंगेरियन नृत्यांची व्हायोलिनसाठी रूपांतरं केली. पण आयुष्य काढलं जर्मनीत, आणि मानलं ते जर्मन संगीताला. त्याचाच व्हिएन्नातला सहाध्यायी एदे रेमेन्यी हा अगदी दुसऱ्या टोकाचा. मूळचा होफमान, त्यानं नाव हंगेरियन करून घेतलं, १८४८ च्या क्रांतीत भाग घेतला, मग परागंदा झाला. आणि गंमत अशी की १८५३ मध्ये विशीतल्या एका अनोळखी पियानोवादकाला योआखिमच्या दारात आणून उभं केलं ते या रेमेन्यीनंच. त्या मुलाचं नाव योहानेस ब्राम्स.

१८५३ ची शरद

त्या वर्षी योआखिम २२ चा होता. वायमारला लिस्टच्या वाद्यवृंदात प्रमुख व्हायोलिनवादक म्हणून दोन वर्षं काढून तो हॅनोव्हरच्या दरबारी आला होता. मे महिन्यात ड्युसेलडॉर्फच्या महोत्सवात त्यानं बीथोव्हेनचा कॉन्चेर्टो वाजवला. ऐकायला शुमान होता. ४२ वर्षांचा, थकलेला, वाद्यवृंदाचं संचालन झेपत नाही म्हणून गावात कुरबुरी सुरू झालेल्या. पण त्या वादनानं त्याच्यात काहीतरी पेटलं. त्यानं आधी व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी एक फँटसी लिहिली आणि मग ११ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, जेमतेम तीन आठवड्यांत, अख्खा कॉन्चेर्टो. योआखिमसाठी.

तो पुरा होत असतानाच योआखिमच्या शिफारशीवरून ब्राम्स शुमानच्या घरी पोहोचला. पुढचे काही आठवडे त्या घरात उत्सवासारखे गेले. योआखिम भेटीला येणार म्हणून शुमान, ब्राम्स आणि शुमानचा शिष्य डीट्रिख या तिघांनी मिळून एक सोनाटा रचला. योआखिमचं तेव्हाचं ब्रीदवाक्य होतं, मुक्त पण एकटा. जर्मनमध्ये त्या शब्दांची आद्याक्षरं एफ, ए, ई. हेच तीन स्वर घेऊन सोनाटा बांधला आणि त्याला वाजवायला देऊन सांगितलं, ओळख कुठला भाग कुणाचा. त्यानं बरोबर ओळखलं.

पाच महिन्यांत सगळं विस्कटलं. जानेवारी १८५४ मध्ये हॅनोव्हरला योआखिमनं नवा कॉन्चेर्टो वाद्यवृंदासोबत वाजवून पाहिला, शुमानच्या समक्ष. तो नीट झाला नाही. २७ फेब्रुवारीला शुमाननं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी बाहेर काढलं. पुढची अडीच वर्षं तो एन्डेनिखच्या मनोरुग्णालयात होता, आणि २९ जुलै १८५६ ला तिथेच गेला.

उडी घेण्याच्या आधीच्या दिवसांत त्याला एक सुरावट ऐकू येत होती. देवदूतांनी सांगितलेली, असं तो म्हणे. तिच्यावर तो व्हेरिएशन्स लिहीत होता. ती सुरावट कॉन्चेर्टोच्या मधल्या, संथ भागातल्या सुरावटीची सख्खी बहीण वाटावी इतकी तिच्याशी मिळतीजुळती आहे. आपलीच चाल आपल्याकडे परत आली आहे, हे त्याला ओळखता आलं नव्हतं.

तिघांचा निर्णय

मागे राहिले तिघं. पत्नी क्लारा, ब्राम्स आणि योआखिम. शुमानच्या कागदपत्रांचं काय करायचं हे त्यांच्या हाती आलं. कॉन्चेर्टो छापायचा नाही असं ठरलं. पुढे शुमानची समग्र रचनावली निघाली, तिच्यातही तो घेतला नाही. हस्तलिखित योआखिमपाशी राहिलं.

का? १८९८ मध्ये आपला चरित्रकार मोझर याला लिहिलेल्या पत्रात योआखिमनं कारणं दिली आहेत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मधल्या भागाची सुरुवात मनाच्या तळातून आलेली आहे, पण एकूण रचनेवर थकवा दिसतो. संपत आलेली शक्ती नेटानं गोळा करण्याची धडपड ऐकू येते. शुमानच्या उत्तम कामाच्या पंगतीत ती बसत नाही. वाजवायला अवघड आहे आणि अवघड असूनही उठत नाही.

यातलं शेवटचं खोटं नाही. तिसऱ्या भागाला शुमाननं दिलेली गती इतकी संथ आहे की आजही बरेच वादक ती बाजूला ठेवून जलद वाजवतात. व्हायोलिन खालच्या पट्टीत सतत राबत असतं आणि वाद्यवृंदाच्या वर निघत नाही. पण न बोललेलं कारणही कागदावर दिसतंच. मनोरुग्णालयात मेलेल्या माणसाची शेवटची मोठी रचना. बाहेर आली की लोक प्रत्येक ओळीत वेड शोधणार. तिघांना मित्राची अब्रू झाकायची होती. क्लारा तर याही पुढे गेली. शुमाननं त्याच १८५३ मध्ये चेलोसाठी लिहिलेले पाच रोमान्सेस तिनं १८९३ मध्ये जाळून टाकले. ते आता कुणालाच कधी ऐकता येणार नाहीत.

योआखिमनं जाळलं नाही. हातचं राखलं, पण ठेवलं. या दोन गोष्टींतला फरक मला आधी किरकोळ वाटत होता. आता वाटत नाही.

रिव्ह्यू करणारा मित्र

माझ्या कामात एक रोजचा प्रकार असतो. कुणी कोड लिहिला की दुसरा तो तपासतो, शेरे मारतो, मग वाद होतात. लिहिणारा काही शेरे मानतो, काही धुडकावतो. योआखिमनं हे काम आयुष्यभर केलं, व्हायोलिन कॉन्चेर्टोंवर. एकोणिसाव्या शतकातले जे आज रोज ऐकू येतात, त्यांच्यातल्या कितीतरींवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ब्रुखचा जी मायनर त्याच्या सल्ल्यानं दुरुस्त झाला आणि १८६८ मध्ये नव्या रूपात त्यानंच पहिल्यांदा वाजवला.

सगळ्यांत सुंदर नमुना ब्राम्सचा. १८७८ च्या उन्हाळ्यात ब्राम्सनं त्याला व्हायोलिनचा भाग पाठवला आणि सांगितलं, जिथे अवघड, अडनिडं, अशक्य वाटेल तिथे तसं लिही. योआखिमनं ढीगभर सूचना केल्या. ब्राम्सनं त्यातल्या बऱ्याचशा कानाआड केल्या, काही घेतल्या. पहिल्या भागातला कॅडेन्झा मात्र लिहायचं योआखिमवरच सोडलं, आणि बहुतेक वादक आजही त्याचाच वाजवतात. १ जानेवारी १८७९ ला लाइपझिगमध्ये योआखिमनं तो वाजवला, संचालन ब्राम्सचं.

द्वोर्झाकची गोष्ट उलटी. १८७९ मध्ये त्यानं योआखिमसाठी कॉन्चेर्टो लिहिला, त्याच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिला, पुन्हा बदलला. योआखिमनं तो जाहीरपणे कधीच वाजवला नाही. शेवटी १८८३ मध्ये प्रागला ओन्द्रिचेकनं वाजवला.

हे तिन्ही शेजारी ठेवले की शुमानच्या बाबतीत काय झालं ते स्पष्ट होतं. ब्राम्स जिवंत होता, तो भांडला. द्वोर्झाक जिवंत होता, त्यानं दुसरा वादक गाठला. शुमान ना भांडू शकत होता, ना दुसरीकडे जाऊ शकत होता. योआखिमचं मत तिन्ही वेळा त्याच कसोटीवर घासलेलं होतं. पण लिहिणारा समोर असतो तेव्हा ते मत असतं, आणि तो नसतो तेव्हा तोच निकाल होतो.

आणि हा माणूस दुसऱ्यांनाच कठोर नव्हता. तरुणपणी त्याच्याकडे संगीतकार म्हणूनही पाहिलं जात होतं. हंगेरियन कॉन्चेर्टो १८६१ मध्ये छापला गेला. त्यानंतर त्याचं लिखाण आटत गेलं. ब्राम्सच्या इतक्या जवळ बसून आपली वही उघडायची हिंमत होत नसावी, असं मला वाटतं. जी फुटपट्टी त्यानं शुमानला लावली ती आधी स्वतःला लावून झाली होती.

तत्त्व आणि माणसं

योआखिमला तत्त्वासाठी संबंध तोडायची सवय होती. कधी ती शोभून दिसते, कधी नाही. १८५७ मध्ये त्यानं लिस्टला पत्र लिहून कळवलं की तुमचं संगीत मला पूर्ण परकं आहे. ज्यानं विशीत आपल्याला जवळ केलं त्या माणसाला.

१८५५ मध्ये तो ख्रिस्ती झाला होता. हॅनोव्हरच्या राजाराणीनं धर्मपालक म्हणून नावं दिली होती. दहाएक वर्षांनी वाद्यवृंदातला याकोब ग्र्यून नावाचा व्हायोलिनवादक बढतीला लायक असूनही ज्यू म्हणून डावलला गेला. योआखिमनं राजीनामा दिला. ग्र्यूनला ज्यू राहिल्यामुळे जे मिळत नाही ते मी धर्म बदलल्यामुळे उपभोगतोय, अशी बोच मला जन्मभर राहील, असा त्याचा मुद्दा होता. राजाश्रयाची नोकरी असताना हे बोलायला छाती लागते.

पण हाच माणूस घरात संशयानं पोखरला गेला. १८६३ मध्ये त्यानं गायिका अमाली श्नेवाइस हिच्याशी लग्न केलं. लग्नानंतर तिनं ऑपेराचा रंगमंच सोडला. सहा मुलं झाली. मग त्याच्या डोक्यात बसलं की तिचे प्रकाशक झिमरोकशी संबंध आहेत. ब्राम्सनं अमालीला धीर देणारं पत्र लिहिलं, तुझ्यावर माझा विश्वास आहे, योआखिमचा स्वभावच तसा आहे. घटस्फोटाच्या खटल्यात तिनं ते पत्र न्यायालयात दाखवलं, आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. १८८४ मध्ये लग्न मोडलं आणि ब्राम्सशी तीस वर्षांची मैत्रीही.

ती पुन्हा जोडायला ब्राम्सनं तीन वर्षांनी व्हायोलिन आणि चेलोसाठी डबल कॉन्चेर्टो लिहिला आणि त्यात तरुणपणच्या त्या तीन स्वरांची जागा उलटवून गुंफली. १८ ऑक्टोबर १८८७ ला कोलोनमध्ये योआखिमनं चेलोवादक हाउसमानसोबत तो वाजवला. एवढा मोठा माफीनामा क्वचित कुणाला मिळाला असेल. आणि एक सांगायला हवं, भांडणाच्या काळातही योआखिमनं ब्राम्सचं संगीत वाजवणं थांबवलं नव्हतं.

१९३७

१८६९ पासून बर्लिनच्या संगीत महाविद्यालयाचा प्रमुख म्हणून त्यानं एक अख्खी परंपरा घडवली. लिओपोल्ड आउअर आणि येनो हुबाई हे दोघेही हंगेरियन त्याचे विद्यार्थी. आउअरच्या हाताखालून हायफेत्झ निघाला, हुबाईच्या हाताखालून सिगेती. १५ ऑगस्ट १९०७ ला योआखिम गेला. मुलानं शुमानचं हस्तलिखित बर्लिनच्या राज्य ग्रंथालयाला दिलं, अट घालून : शुमानच्या मृत्यूला शंभर वर्षं होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, बाहेर काढायचं नाही.

ते वीस वर्षं आधी बाहेर आलं, आणि कसं आलं हे सिनेमात दाखवलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. योआखिमच्या बहिणीच्या नाती, येली दारान्यी आणि आदिला फाकिरी, लंडनमध्ये नावाजलेल्या व्हायोलिनवादक होत्या. प्लँचेट करायच्या. १९३३ मध्ये त्यांनी सांगितलं की शुमानचा आत्मा येऊन आपला हरवलेला कॉन्चेर्टो शोधा म्हणतोय. शोध बर्लिनच्या ग्रंथालयात संपला. प्रकाशकानं प्रत तरुण येहुदी मेनुहिनला पाठवली, त्याला ती फार आवडली, तो अमेरिकेत वाजवायला निघाला. शुमानची मुलगी ऑयगेनी तेव्हा ८५ पार होती. तिचा ठाम विरोध होता.

पण जर्मनीत तोवर नाझी होते. मेंडेलसोन ज्यू म्हणून त्याच्या कॉन्चेर्टोवर बंदी आली होती. १९३६ मध्ये लाइपझिगमधला त्याचा पुतळाही हलवला गेला होता. ती जागा भरायला एक शुद्ध जर्मन कॉन्चेर्टो हवाच होता. पहिलं वादन जर्मनीतच होणार, असं सरकारनं बजावलं. २६ नोव्हेंबर १९३७ ला बर्लिनमध्ये, सरकारी सोहळ्यात, गेओर्ग कुलेनकाम्फनं व्हायोलिनच्या भागात बरेच फेरफार करून तो वाजवला. मेनुहिननं डिसेंबरमध्ये अमेरिकेत मूळ रूपात वाजवला. दारान्यीला लंडनमध्ये फेब्रुवारी १९३८ पर्यंत थांबावं लागलं.

मेंडेलसोनच्या जागी बसवलेलं हे संगीत मेंडेलसोनच्या लाडक्या ज्यू शिष्यासाठी लिहिलेलं होतं. बर्लिनच्या त्या सभागृहात तो जिवंत असता तर त्याला आत घेतलं नसतं.

आता मी योआखिमवर रागवायला बसतो तेव्हा हे आठवतं. त्यानं भीती बाळगली होती की लोक रचना ऐकण्याऐवजी तिच्यात भलतंच काहीतरी ऐकतील. झालं तसंच, फक्त वेडाऐवजी वंश ऐकला गेला. तरीही मला वाटतं त्यानं चूक केली. एखादी रचना थकलेली आहे हे ऐकणाऱ्यालाही कळतं, आणि थकलेल्या माणसाचं बोलणं ऐकण्यासारखं नसतं असं थोडंच आहे?

याचा पुरावा त्यानंच ठेवलाय. ७२ व्या वर्षी, बोटं साथ देत नसताना, तो त्या भोंग्यासमोर उभा राहिला. त्याच्या कसोटीनं ते वादन त्याच्या उत्तम कामाच्या पंगतीत बसणारं नव्हतं. तरी त्यानं ते जाऊ दिलं. म्हणून तर मला ते बसमध्ये इयरफोन लावून ऐकता येतं. आता मी दीड मिनिटात बंद करत नाही. खरखर सुरू होते, तो गज ठेवतो, पहिला सूर हलका हलतो आणि मग स्थिर होतो. त्यानंतर शुमानचा मधला भाग लावतो.